रिकामी गाडी जाते, भरलेली येत नाही: तेलक्षेत्रासाठीच्या ॲपचा विस्तार आणि कोल्हापूरचा ऊस हंगाम

अमेरिकेतलं पर्मियन खोरं म्हणजे पश्चिम टेक्सास आणि आग्नेय न्यू मेक्सिकोमधला कोरडा, विरळ वस्तीचा पट्टा. तेल उत्पादनात तो त्या देशात पहिला आहे. याच पट्ट्यातल्या लव्हिंग काउंटीची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६४ भरली. माणसं इतकी थोडी, पण तेलविहिरी, साठवण टाक्या आणि त्यांच्याकडे जाणारे कच्चे रस्ते जिकडेतिकडे. या रस्त्यांना बहुधा नाव नसतं आणि विहिरीला पोस्टाचा पत्ता नसतो. रात्रपाळीच्या टँकरचालकाला विहिरीचं नाव सांगितलं जातं, फार तर नंबर दिला जातो, आणि पुढचं त्याचं त्यानं बघायचं. मोबाइलला रेंज असेलच असं नाही.

अशा चालकांना विहीर शोधून देणारं एक ॲप कोल्हापुरात, राजारामपुरीतल्या एका छोट्या कंपनीत सांभाळलं जातं. ग्राहक अमेरिकेतला, बांधणी आणि देखभाल इथली. मी या कंपनीत नकाशाची माहिती आणि प्रत्यक्ष तपासणी पाहतो. ॲपची पहिली आवृत्ती साधी होती: विहिरीचा नंबर टाका, ठिपका दिसेल, तिथवरची वाट दिसेल. ग्राहकाला ती वाढवायची होती. त्याच्या यादीत बरंच काही होतं. दिवसभराच्या फेऱ्यांचं नियोजन, जड वाहनांसाठी वेगळे रस्ते, कॅनडातली तेलक्षेत्रं, वाऱ्याची दिशा, रस्ता बंद असल्याची ताजी खबर. माणसं मोजकी होती, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय, हे ठरवणं हाच या प्रकरणाचा गाभा झाला.

ठिपका नेमका कशाचा

अमेरिकेत प्रत्येक तेलविहिरीला एक नंबर मिळतो. त्याची पद्धत अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटने घालून दिली, म्हणून त्याला एपीआय नंबर म्हणतात. पहिले दोन आकडे राज्याचे, पुढचे तीन काउंटीचे, नंतरचे पाच त्या विहिरीचे. टेक्सासचा संकेतांक ४२, न्यू मेक्सिकोचा ३०. टेक्सासमध्ये या विहिरींची नोंद रेलरोड कमिशन ठेवतं. नाव रेल्वेचं असलं तरी तेल आणि वायूचं नियमन हे त्याचं मुख्य काम. त्याचा बराचसा विदा (डेटा) सर्वांना खुला आहे आणि आमच्या ॲपचा पाया तोच.

पण एका विहिरीला दोन जागा असतात. जमिनीवरचं तोंड एका ठिकाणी आणि तळ दुसऱ्याच ठिकाणी. आता बहुतेक नव्या विहिरी खाली जाऊन आडव्या वळतात, आणि तो आडवा भाग दोन मैल, म्हणजे तीन किलोमीटरच्या पुढे जाणं नेहमीचं झालं आहे. चालकाला तोंडाशी जायचं असतं. विदा भरताना तळाचे अक्षांश-रेखांश उचलले गेले तर तो रिकाम्या माळावर पोहोचतो. त्यात जुन्या विहिरींच्या नोंदी १९२७ च्या मोजणीप्रणालीत आणि नव्या १९८३ च्या प्रणालीत. त्या भागात दोन्हींमध्ये तीस-चाळीस मीटरांचा फरक पडतो. माळावर तीस-चाळीस मीटर काहीच नाहीत, पण मधे कुंपण असेल तर फाटक पलीकडच्या रस्त्यावर निघतं आणि वळसा पाच-दहा किलोमीटरचा होऊ शकतो.

म्हणून पहिला निर्णय असा झाला की मुक्काम विहीर नाही, फाटक आहे. ॲपमध्ये प्रत्येक विहिरीला किंवा विहिरींच्या गटाला एक प्रवेशबिंदू जोडायचा आणि वाट तिथपर्यंत काढायची. हे ऐकायला किरकोळ वाटतं. पण फाटकाची माहिती कुठल्याच सरकारी नोंदीत नाही. ती चालकांच्या डोक्यात असते, आणि तिथून ती काढायची कशी, हा प्रश्न कोल्हापुरात टेबलाशी बसून सुटणारा नव्हता.

तपासणी कोल्हापुरात का

टेक्सासला माणूस पाठवणं परवडण्यासारखं नव्हतं. तिकडची पहाट ही आपली दुपार. तिथल्या चालकांशी फोनवर बोलणं व्हायचं, पण ते पाळी सुरू होण्याच्या घाईत असायचे. आम्हाला अशी जागा हवी होती जिथे मुक्कामाला पत्ता नाही, रस्ता खाजगी किंवा अर्धवट, वाहन जड, रेंज बेभरवशाची आणि वेळेला किंमत आहे. असं काम आमच्या दारातच चालू होतं. ऊस वाहतूक.

कोल्हापूर जिल्ह्यात साधारण नोव्हेंबरपासून पुढचे चार-पाच महिने कारखान्यांचा गळीत हंगाम चालतो. तोडणीचा आदेश सभासदाच्या नावाने आणि गट नंबराने निघतो. सातबारावर गट नंबर असतो, क्षेत्र असतं, पण ट्रॉली कुठल्या बांधावरून आत घालायची ते नसतं. ते चिटबॉयला माहीत असतं. कारखान्याच्या शेती विभागाचा हा माणूस गावोगावच्या नोंदी ठेवतो, तोडीचा क्रम लावतो आणि टोळीला फड, म्हणजे तोडायचं उसाचं शेत, दाखवतो. सबंध शिवाराचा खरा नकाशा त्याच्यापाशी असतो. आम्ही एका वाहतूक ठेकेदाराशी बोललो आणि करवीर व पन्हाळा तालुक्यातल्या काही गावांत ॲपची चाचणी आवृत्ती त्याच्या ट्रॅक्टरवाल्यांना दिली. विहिरींच्या जागी फड, साठवण टाक्यांच्या जागी कारखान्याचा वजनकाटा. आतलं गणित तेच.

सुरुवातीला सगळं ठीक दिसलं. ॲपने दाखवलेल्या वाटेने ट्रॅक्टर फडापर्यंत जात होते. मग कासारी नदीच्या काठच्या एका गावात एक चालक भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन ॲपची वाट सोडून भलत्याच बाजूने निघाला. ॲप सारखं मागे वळायला सांगत होतं. मी मागोमाग मोटारसायकलवर होतो. मुख्य रस्त्याला लागल्यावर त्याला विचारलं तर म्हणाला, "सर, तुमचा मॅप बरुबर हाय, खरं ह्या वाटंनं भरल्याली गाडी न्हाई येत. रिकामी न्या कुठनंबी."

चिटबॉयने मला ती जागा चालत नेऊन दाखवली. पाणंद एका पाटाच्या मोरीवरून जात होती. मोरीचा एक पाइप खचलेला, त्यावर मुरूम टाकून दाबलेला. रिकाम्या ट्रॉल्यांच्या चाकांचे ठसे मुरमावर उथळ उमटले होते. त्याच्या थोडं पुढे, वरच्या रानात उसाला पाणी पाजलेलं, आणि ते पाझरून काळी माती फुगलेली. तिथे एकच ठसा होता, गुडघ्याएवढा खोल, आणि कडेला चाकाखाली घातलेल्या पाचटाचा चिखल झालेला. आदल्या दिवशी एक भरलेली ट्रॉली तिथे रुतली होती आणि पुढे दुसरा ट्रॅक्टर लावून ती काढावी लागली होती. चिटबॉयने बांधावर वाडं, म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, खोचून ठेवलं होतं. भरल्या गाडीनं इकडून यायचं नाही, अशी ती खूण. चार-सहा दिवसांत रान वाळलं की ते वाडं तोच काढून टाकणार होता.

या एका जागेने आमच्या विस्ताराचा आराखडा बदलला.

जाणं आणि येणं

रस्ता शोधणाऱ्या बहुतेक प्रणाली एका प्रवासाला एक वाहन धरतात. गाडीची उंची, रुंदी, वजन एकदा सांगितलं की सगळी वाट त्या हिशेबाने निघते. तेलक्षेत्रात असं धरून चालत नाही. तेलाबरोबर विहिरीतून खारं पाणी येतं आणि ते उचलून विल्हेवाटीच्या विहिरीत सोडायला टँकर लागतात. नेहमीच्या मोठ्या टँकरची क्षमता १३० बॅरल. एक बॅरल म्हणजे सुमारे १५९ लिटर, म्हणजे वीस हजार लिटरच्या वर. आणि ते खारं असल्याने साध्या पाण्यापेक्षा जड. टँकर विहिरीकडे रिकामा जातो आणि येताना २२ टनांच्या आसपास ओझं घेऊन येतो. विहिरीवर लागणारी वाळू नेणाऱ्या गाडीचं उलटं: ती भरून जाते, रिकामी येते. अमेरिकेत महामार्गावर एकूण वजनाची नेहमीची मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. टेक्सासमधल्या ग्रामीण रस्त्यांपैकी अनेकांवर मात्र ५८,४२० पौंडांची, म्हणजे साडेसव्वीस टनांची मर्यादा आहे. वेगळा परवाना नसेल तर त्या रस्त्याने रिकामा टँकर कायदेशीर आणि तोच टँकर परतताना बेकायदेशीर.

विदा आमच्याकडे होता. मर्यादा नोंदलेल्या होत्या. पण ॲप पूर्ण फेरीला एकच वजन लावत होतं. भरलेलं वजन लावलं तर जाताना विनाकारण वळसा पडायचा, रिकामं लावलं तर येताना धोका. चालक दोन्ही वेळा स्वतःच्या अनुभवाने वागत होते, ॲपकडे दुर्लक्ष करून. टेक्सासच्या नोंदी नव्याने चाळल्यावर तिथेही हेच दिसलं: वाट सोडण्याच्या घटना जाताना कमी, येताना जास्त. आधी आम्ही त्यांना नकाशातल्या चुका समजत होतो.

दुसरा निर्णय मग असा झाला की नियोजनात प्रत्येक थांब्यापुढे ओझ्यातला बदल लिहायचा. इथे इतकं चढेल, तिथे इतकं उतरेल. दोन थांब्यांमधल्या टप्प्याला त्या वेळचं वजन लागणार, आणि वाट त्या वजनाने निघणार. याने गणित अवघड होतं हे खरं. दहा थांब्यांचा क्रम ३६,२८,८०० प्रकारे लावता येतो, पण तिथवर साधारण चांगला क्रम शोधण्याच्या पद्धती तयार आहेत. इथे क्रम बदलला की वजन बदलतं, वजन बदललं की रस्तेच बदलतात, आणि दोन थांब्यांतलं अंतर हा आकडा ठरलेला राहत नाही. आम्ही परिपूर्ण उत्तराच्या मागे लागलो नाही. आधी ओझ्याचा विचार करून न जमणारे क्रम गाळायचे, उरलेल्यांत चांगला निवडायचा. हा निर्णय मला आजही पटतो, कारण चालक तसाही दिवसात दोन-तीनदा क्रम बदलतो.

रस्ता शोधणारं इंजिनही बदललं. काही इंजिनं आधीच सगळ्या जाळ्यावर शॉर्टकटचं गणित करून ठेवतात आणि म्हणून उत्तर क्षणात देतात. पण वाहन किंवा रस्त्याची स्थिती बदलली की ते गणित पुन्हा करावं लागतं. आम्ही व्हॅल्हाला हे खुलं इंजिन घेतलं. त्यात नकाशा लहान तुकड्यांत विभागलेला असतो, आणि प्रत्येक रस्त्याचा खर्च विचारणा झाल्यावर मोजला जातो. तुकडे फोनमध्ये उतरवून ठेवता येतात, रेंज नसली तरी चालतं, आणि वजन टप्प्याटप्प्याला बदलता येतं. उत्तर यायला थोडा जास्त वेळ लागतो. चालक गाडी भरत उभा असताना तो वेळ त्याच्याजवळ असतो.

रस्त्यांचं जाळं ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशाचं. तिथले अमेरिकेतले बरेच रस्ते २००७-०८ मध्ये जनगणना विभागाच्या टायगर नावाच्या विदासंचातून एकगठ्ठा भरले गेले. ग्रामीण भागात त्यातल्या काही रेषा जागेवर नाहीत, काही रस्ते कधीच नव्हते. या दुरुस्त्या आम्ही हाताने करत राहिलो. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. ते काम करावंच लागतं.

खबर किती जुनी

वाडं खोचणारा चिटबॉय मला आणखी एका कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. खूण लावताना ती कधी काढायची हे त्याच्या मनात पक्कं होतं. नकाशाच्या ॲपमध्ये अडचण नोंदवायची सोय सर्रास असते, अडचण संपल्याची नोंद मात्र क्वचितच कुणी करतं. महिन्यापूर्वी बंद झालेला रस्ता ॲपमध्ये बंदच राहतो, आणि दोनदा असं झालं की चालक कुठल्याच खुणेवर विश्वास ठेवत नाही.

आम्ही प्रत्येक नोंदीला कारण विचारायला लागलो आणि कारणावर आयुष्य ठरवलं. चिखल असेल तर थोडे दिवस, मग ॲप स्वतःच "आता कसं आहे?" असं पुढच्या चालकाला विचारतं. बांधकाम असेल तर जास्त. पुलाची मर्यादा असेल तर कागद येईपर्यंत तशीच. कोल्हापुरातले लोक पाण्याच्या पातळीची भाषा चांगली जाणतात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा, ४३ फुटांवर धोका. आणि त्याच्या किती तरी आधी वरच्या बाजूचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे पाण्याखाली जाऊन त्यांवरची वाहतूक थांबलेली असते. म्हणजे रस्ता आहे की नाही, हे नदी ठरवते. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गही बंद झाला होता. पश्चिम टेक्सासमध्ये वर्षभर कोरड्या असणाऱ्या ओढ्यांवर नुसते फरशीचे उतार असतात आणि लांब कुठे तरी पाऊस झाला की त्यांवरून लोंढा येतो. म्हणून काही रस्त्यांच्या तुकड्यांना आम्ही कायमची अट जोडली: पाऊस असेल तर विचारल्याशिवाय या वाटेने न्यायचं नाही. त्या अटीची कल्पना चर्चेत आली ती बंधाऱ्यांवरूनच.

प्रश्न विचारण्याची वेळही जपावी लागते. अमेरिकेत व्यावसायिक वाहन चालवताना हातात फोन धरायला केंद्रीय नियमाने बंदी आहे. नियम नसता तरी आम्ही तसंच केलं असतं. गाडी फाटकाशी किंवा टाकीशी थांबल्यावरच ॲप एक प्रश्न विचारतं, दोन मोठी बटणं दाखवतं, आणि उत्तर मिळालं नाही तर गप्प बसतं. ट्रॅक्टरवाल्यांवर हे आधी तपासलं. वजनकाट्याच्या रांगेत नंबर येईपर्यंत त्यांना तास-दोन तास बसावं लागतं, आणि तिथे त्यांनी दिलेली उत्तरं फडातल्या उत्तरांपेक्षा नेमकी होती. त्यानुसार टेक्सासमध्येही आम्ही प्रश्न विल्हेवाटीच्या विहिरीवरच्या रांगेत हलवले.

जे केलं नाही

ग्राहकाला नियोजनाच्या पडद्यावर "सर्वांत जलद" असा पर्याय ठळक हवा होता. आम्ही विरोध केला. तेल-वायू क्षेत्रातल्या कामगारांच्या मृत्यूंमागे रस्ते अपघात हे मोठ्या कारणांपैकी एक आहे. पेकॉस ते कार्ल्सबाड या रस्त्याला, म्हणजे यूएस २८५ ला, लोक मृत्यूचा महामार्ग म्हणतात. दमलेल्या माणसाला, बारा तासांच्या पाळीच्या शेवटी, चार मिनिटं वाचवणारी वाट आधी दाखवू नये. शेवटी जे ठरलं त्यात पहिली वाट वजनाला चालणारी आणि कमी वळणांची असते, वेळ खाली लहान अक्षरात. ग्राहक लगेच राजी झाला नाही. त्याच्याच सुरक्षा विभागाने आमची बाजू घेतली तेव्हा झाला.

फाटकांच्या कुलपांचे क्रमांक सामाईक नकाशात घ्यायची मागणी चालकांकडून आली. ती समजण्यासारखी होती. पण ते रस्ते कुणाच्या तरी खाजगी जमिनीवरून जातात, आणि क्रमांक फुटला तर जमीनमालकाचं आणि कंपनीचं नातं बिघडतं. क्रमांक ज्याच्या-त्याच्या कंपनीच्या बंद भागातच राहतात.

वाऱ्याची दिशा अर्धीच घेतली. काही विहिरींवर हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो. तो हवेपेक्षा जड, सखल जागी साचणारा, आणि जास्त प्रमाणात असला की नाकाला त्याचा वासच येईनासा होतो. त्यामुळे वाऱ्याच्या वरच्या बाजूने जाणं हा जिवाचा प्रश्न आहे. पण रेंज नसताना फोनमधला वाऱ्याचा अंदाज काही तासांपूर्वीचा असतो, आणि चुकीचा बाण हा बाण नसण्यापेक्षा घातक. अशा विहिरींसाठी ॲप फाटकाच्या अलीकडे एक थांबा देतं आणि तिथून वाऱ्याची पिशवी पाहायला सांगतं. त्यापलीकडे काही सांगत नाही.

कॅनडा

ग्राहकाच्या यादीत कॅनडा सर्वांत वर होतं, आमच्याकडे ते शेवटी गेलं. अल्बर्टात विहीर जमिनीच्या मोजणीवरून ओळखली जाते. सहा मैल बाय सहा मैलांची टाउनशिप, तिचे ३६ सेक्शन, प्रत्येक सेक्शनचे १६ भाग, आणि एकेक भाग सुमारे ४० एकरांचा. सेक्शनची मोजणी तिथे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होते, अमेरिकेच्या मोजणीत ईशान्य कोपऱ्यातून. अमेरिकेचं गणित तसंच उचललं असतं तर कित्येक पत्ते काही मैल दूर पडले असते. गट नंबरावरून फड शोधण्याची सवय इथे कामाला आली: आधी चौकोन, मग त्या चौकोनाचं तोंड कुठल्या बाजूला ते विचारायचं.

तिथली ऋतूंची बंधनंही वेगळी आहेत. हिवाळ्यात गोठलेल्या जमिनीवरून जड गाड्या चालतात, वसंतात बर्फ वितळलं की तेच रस्ते मऊ पडतात आणि वजनावर बंदी येते. टप्प्यानुसार वजन आणि कारणानुसार मुदत या दोन गोष्टी आधी तयार असल्यामुळे हा भाग आम्हाला नव्याने लिहावा लागला नाही. अडलं ते रेडिओपाशी. जंगलातल्या एकाच गाडीच्या रुंदीच्या रस्त्यांवर चालक ठरलेल्या वाहिनीवर आपण कितव्या किलोमीटरवर आहोत आणि भरलेले की रिकामे, हे बोलत पुढे सरकतात. समोरून येणाऱ्याला ते ऐकून कडेला थांबता येतं. आमचं ॲप रस्त्याची वाहिनी आणि पुढच्या किलोमीटर पाटीचा आकडा मोठ्या अक्षरात दाखवतं, म्हणजे चालकाला बोलायला सोपं जावं. मात्र पाट्या हलवल्या जातात, वाहिन्या बदलतात, आणि ते तपासायला त्या रस्त्यावर रोज जाणारा, चिटबॉयसारखा माणूस लागतो. सध्या ग्राहकाशी बोलणी चालू आहेत ती याच पदाच्या पगाराबद्दल. तो माणूस नेमला जाईपर्यंत कॅनडाची आवृत्ती बाहेर काढायची नाही, असं आम्ही लेखी कळवलं आहे.